ल्युकेमिया पेशींतील जनुक अभिव्यक्तीचे मापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युकेमियावरील संशोधनात नव्याने आलेले विद्यार्थी, पदव्युत्तर प्रकल्प करणारे आणि कधी कधी हातात अहवाल असलेले रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतून हे पान तयार झाले आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. या कामातले बहुतेक आकडे गुणोत्तरे असतात. अंशाविषयी सगळेच विचारतात, चूक मात्र बहुधा छेदात सापडते. त्यामुळे खालची बरीच उत्तरे छेदाभोवती फिरतात. उपचारांचे निर्णय अर्थातच रुग्णाच्या डॉक्टरांनी घ्यायचे असतात, या पानावरून नव्हे.

१. जनुक अभिव्यक्ती मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात?

जनुकातील मजकुराची पेशीला गरज पडली की त्याची आरएनए प्रत काढली जाते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनते. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा मोजल्या जातात त्या या मधल्या प्रती, म्हणजे संदेशवाहक आरएनए. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत साधारणपणे १० ते ३० पिकोग्रॅम आरएनए असतो. त्यातला बहुतांश रायबोसोमचा असतो आणि संदेशवाहक आरएनएचा वाटा जेमतेम १ ते ५ टक्के असतो. शिवाय काही प्रती काही मिनिटांत नष्ट होतात, तर काही कित्येक तास टिकतात. म्हणून हाती येणारा आकडा पेशी ज्या क्षणी फोडल्या त्या क्षणी किती प्रती शिल्लक होत्या एवढेच सांगतो; त्या किती वेगाने बनत होत्या हे त्यावरून कळत नाही (प्रश्न १२ पाहा).

२. डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ल्युकेमिया ओळखता येतो, मग अभिव्यक्ती मोजून वेगळे काय मिळते?

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन पेशी आतून अगदी वेगळ्या जनुकांवर चालत असू शकतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेतील आरएनए मायक्रोॲरेवर (हजारो जनुके एकदम मोजणाऱ्या चिपवर) मोजला गेला. त्यांपैकी २७ जणांना तीव्र लिम्फोब्लास्टिक आणि ११ जणांना तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होता. त्यातून निवडलेल्या ५० जनुकांच्या आधारे ३४ नव्या नमुन्यांचे वर्गीकरण करून पाहिले, तेव्हा २९ नमुन्यांबाबत ठाम निर्णय देता आला आणि ते सगळे बरोबर निघाले. उरलेल्या पाच नमुन्यांबाबत पद्धतीने ‘सांगता येत नाही’ असे म्हटले, हे मला त्या अभ्यासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. आज निदानासाठी गुणसूत्रे, उत्परिवर्तने आणि पेशींवरील चिन्हके यांवरच प्रामुख्याने भर असतो. अभिव्यक्तीचा उपयोग उपप्रकार शोधणे, उपचारांनंतर उरलेला रोग मोजणे आणि औषध पेशीत काय घडवते हे समजून घेणे यांसाठी अधिक होतो.

३. नमुना रक्ताचा घ्यावा की अस्थिमज्जेचा? दोन्हींत आकडा सारखाच यायला हवा ना?

सारखा येत नाही, आणि तो तसा येईल हे गृहीत धरू नये. डब्ल्यूटी१ या जनुकाचे उदाहरण घ्या. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या बहुसंख्य रुग्णांत ते वाढलेले असते, पण निरोगी माणसातही त्याच्या थोड्या प्रती सापडतातच. प्रमाणित युरोपीय चाचणीत एबीएल१च्या (तुलनेसाठी सोबत मोजलेल्या दुसऱ्या जनुकाच्या) दर १०,००० प्रतींमागे अस्थिमज्जेसाठी २५० आणि रक्तासाठी ५० ही वरची सामान्य मर्यादा मानली गेली. एकच जनुक आणि एकच चाचणी असूनही मर्यादेत पाचपट फरक पडतो, तो केवळ नमुना कुठून घेतला यामुळे.

याहून मोठा गोंधळ पेशींच्या मिश्रणाचा असतो. समजा, एखादे जनुक फक्त ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रोगपेशींतच चालू आहे. निदानाच्या वेळी नमुन्यात ८० टक्के ब्लास्ट होते आणि उपचारांनंतर २० टक्के उरले. प्रत्येक ब्लास्ट पेशीतील अभिव्यक्ती तसूभरही बदलली नसली, तरी एकूण आरएनएच्या हिशेबात ती सुमारे चौथाईवर आलेली दिसेल. म्हणून नमुन्यासोबत ब्लास्टचे प्रमाण नोंदवलेले नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ लावण्याच्या फंदात पडू नये.

४. फायकॉलवर पेशी वेगळ्या केल्या की मिश्रणाचा प्रश्न सुटतो का?

तीव्र ल्युकेमियात बऱ्याच अंशी सुटतो. १.०७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेच्या फायकॉल या द्रावणावर पातळ केलेले रक्त नळीच्या कडेने हलकेच सोडायचे, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवून फिरवायचे आणि प्लाझ्माखाली जमलेला ढगाळ पांढरा थर पिपेटने अलगद उचलायचा. ब्रेक चालू राहिला तर शेवटच्या झटक्यात थर विस्कटतो आणि अर्धा तास वाया जातो. या थरात एककेंद्रकी पेशी असतात व बहुतेक ब्लास्टही तिथेच येतात, पण निरोगी लिम्फोसाइटही सोबत येतात, हे विसरू नये.

अपवाद आहे तो दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचा. यात बीसीआर-एबीएल१ हे जोडजनुक (दोन जनुके जोडली जाऊन बनलेले) परिपक्व ग्रॅन्युलोसाइटमध्येही असते, आणि त्या पेशी फायकॉलमधून खाली तळाशी जातात. पांढरा थर उचलणारा माणूस अशा वेळी रोगाच्या पेशी टाकून देत असतो. म्हणूनच या रोगाच्या पाठपुराव्यात लाल पेशी फोडून उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशी वापरतात.

५. नमुना रात्रभर फ्रीजमध्ये राहिला तर चालेल का? आणि नळी कोणती वापरावी?

नळी ईडीटीए या गोठणरोधकाची असावी. हेपॅरिन हे दुसरे गोठणरोधक पीसीआरच्या (प्रती वाढवण्याच्या पद्धतीच्या) विकराला अडवते आणि आरएनएसोबत शेवटपर्यंत रेंगाळते, म्हणून ते टाळावे.

उशिराबद्दल सांगायचे तर, पेशी नळीत आल्यावर मरत नाहीत, त्या प्रतिसाद देत राहतात. फॉस आणि जून ही ताणाला लगेच प्रतिसाद देणारी जनुके अशा वेळी झपाट्याने बदलतात. आमच्या एका जुन्या प्रयोगात निदानाचे नमुने संध्याकाळी यायचे व दुसऱ्या दिवशी हाताळले जायचे, तर पाठपुराव्याचे नमुने सकाळी येऊन तासाभरात मार्गी लागायचे. विश्लेषणात फॉस, जून आणि त्यांची सगळी भावंडे ठळकपणे वर आली. आम्हाला रोगाचा नवा मार्ग सापडला या समजात तीन आठवडे गेले. शेवटी कुणीतरी नोंदवही उघडून नमुन्यांच्या वेळा वाचल्या. तेव्हापासून नमुना घेतल्याची आणि पेशी फोडल्याची, अशा दोन्ही वेळा लिहिल्याशिवाय आम्ही नळीला क्रमांक देत नाही. लगेच काम शक्य नसेल तर पेशी ग्वानिडिनियमयुक्त द्रावणात फोडून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, किंवा रक्त घेताक्षणी आरएनए स्थिर करणारी नळी वापरावी. सर्व तुलनेत एकच पद्धत पाळावी.

६. २६०/२८० गुणोत्तर २.० आले, म्हणजे आरएनए चांगला आहे ना?

शुद्ध आहे, अखंड असेलच असे नाही. हे गुणोत्तर प्रथिनांची भेसळ दाखवते. पूर्ण तुकडे झालेल्या आरएनएचे गुणोत्तरही २.० येऊ शकते. अखंडता पाहण्यासाठी १ ते १० या श्रेणीतला आरआयएन अंक बघावा. सीक्वेन्सिंगसाठी (आरएनएचा क्रम वाचण्यासाठी) तो सहसा ७ च्या वर मागतात. लहान तुकडा वाढवणारी क्यूपीसीआर (प्रती मोजणारी पीसीआर) त्याहून कमी अंकावरही चालते, मात्र तुलनेतील सगळ्या नमुन्यांचा दर्जा जवळपास सारखा हवा.

७. क्यूपीसीआर, मायक्रोॲरे आणि आरएनए सीक्वेन्सिंग यांतले काय निवडू?

प्रश्न आधीच ठरलेला असेल आणि जनुके मोजकी असतील, तर क्यूपीसीआर. कोणते जनुक बदलेल हेच माहीत नसेल, तर सीक्वेन्सिंग. त्यात नवी जोडजनुकेही सापडू शकतात. मायक्रोॲरे आता नव्या कामासाठी फारसे कुणी घेत नाही, पण ल्युकेमियाचा जुना मोठा साठा त्याच स्वरूपात आहे, त्यामुळे ते वाचता यायला हवे. २०१० साली प्रसिद्ध झालेला ३,३३४ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास त्यावरच झाला होता.

८. सीटी मूल्य म्हणजे काय? ते कमी झाले की अभिव्यक्ती कमी झाली असे समजायचे का?

हा सीटी स्कॅनमधला सीटी नव्हे, आणि अर्थ नेमका उलटा आहे. पीसीआरच्या प्रत्येक चक्रात प्रती जवळजवळ दुप्पट होतात. संकेत ठरावीक उंबरठा ओलांडायला किती चक्रे लागली तो आकडा म्हणजे सीटी. सुरुवातीला प्रती जितक्या जास्त, तितका सीटी कमी. दसपट फरकासाठी ३.३२ चक्रांचा फरक पडतो.

हिशेब एकदा हाताने करून पाहावा. औषध न दिलेल्या पेशींत आपल्या जनुकाचा सीटी २४ आणि संदर्भ जनुकाचा (तुलनेसाठी स्थिर मानलेल्या जनुकाचा) १८ आला, म्हणजे फरक ६. औषध दिलेल्या पेशींत ते अनुक्रमे २७ आणि १९ आले, म्हणजे फरक ८. फरकांतला फरक २, म्हणून अभिव्यक्ती २ च्या उणे दुसऱ्या घाताइतकी, म्हणजे एक चतुर्थांश झाली. संदर्भ जनुकाकडे पाहिलेच नसते तर २४ वरून २७, म्हणजे एक अष्टमांश, असे चुकीचे उत्तर आले असते. प्रत्यक्षात दुसऱ्या नळीत आरएनएच थोडा कमी पडला होता. ही २००१ पासून रूढ झालेली पद्धत दोन्ही जनुकांची वाढ जवळपास १०० टक्के कार्यक्षमतेने होते असे गृहीत धरते. प्रमाण वक्राचा (ज्ञात प्रमाणांच्या नमुन्यांच्या सीटींवरून काढलेल्या रेषेचा) उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या दरम्यान नसेल, तर हे सूत्र वापरू नये.

९. संदर्भ जनुक म्हणून सगळे जीएपीडीएच वापरतात. मीही तेच घेऊ का?

सगळे वापरतात, हे कारण पुरेसे नाही. जीएपीडीएच हे ग्लुकोज वापराच्या मार्गातले जनुक आहे आणि वेगाने वाढणाऱ्या, चयापचय बदललेल्या कर्कपेशीत ते स्थिर राहील याची खात्री नसते. संदर्भ जनुक हा आपल्या गुणोत्तराचा छेद आहे. छेद हलला की उत्तर हलते, आणि आलेखावर ते अंश हलल्यासारखेच दिसते. आपल्याच प्रयोगातील सर्व स्थितींत चार-सहा उमेदवार जनुके मोजून त्यांतली निदान दोन स्थिर जनुके निवडावीत. क्यूपीसीआरसाठीच्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. ल्युकेमियाच्या रुग्णनमुन्यांसाठी एबीएल१, जीयूएसबी आणि बीसीआर यांवर सर्वाधिक अनुभव जमा आहे.

१०. मग के५६२ पेशींत बीसीआर-एबीएल१ मोजताना एबीएल१ हाच संदर्भ घेतला तर योग्यच ना?

हा प्रश्न वरवर साधा आहे, पण फसवा आहे. के५६२ ही सेल लाइन (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी) ब्लास्ट अवस्थेतील दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णापासून तयार झाली. तिच्यात जोडजनुकाच्या अनेक प्रती आहेत. एबीएल१साठी रूढ असलेले प्रायमर (जिथून प्रत वाढते ते डीएनएचे छोटे तुकडे) जोडजनुकातील एबीएल१च्या भागालाही चिकटतात. म्हणजे जो अंशात आहे तोच छेदातही मोजला जातो.

समजा, जोडजनुकाच्या ९ प्रतींमागे निरोगी एबीएल१ची १ प्रत आहे. गुणोत्तर येईल ९ भागिले १०, म्हणजे ९० टक्के. आता एसआयआरएनए (ठरावीक प्रती घटवणारा छोटा आरएनए) वापरून जोडजनुकाच्या प्रती तिपटीने घटवून ३ वर आणल्या. गुणोत्तर ३ भागिले ४, म्हणजे ७५ टक्के. प्रयोग यशस्वी झालेला असूनही स्तंभालेख पाहून विद्यार्थी खट्टू होतो. अशा पेशींत जीयूएसबीसारखा स्वतंत्र संदर्भ घ्यावा. निदानाच्या वेळच्या रुग्णनमुन्यांतही हाच दोष राहतो. पातळी १० टक्क्यांच्या खूप खाली गेल्यावर तो नगण्य होतो, म्हणून पाठपुराव्यात एबीएल१ चालते.

११. आरटी विकर (आरएनएवरून डीएनए बनवणारे) न घातलेल्या नळीतही संकेत येतो. प्रायमर तर दोन एक्झॉनच्या सांध्यावर आहेत!

नमुन्यात जीनोमिक डीएनए आला आहे. सांध्यावरचे प्रायमर सर्वसाधारण जनुकापासून वाचवतात, पण जीएपीडीएचसारख्या जनुकांची इंट्रॉन नसलेली छद्मजनुके (निकामी नकला) जीनोममध्ये विखुरलेली आहेत आणि त्यांत तो सांधा जसाच्या तसा असतो. डीएनेझ (डीएनए तोडणारे विकर) वापरून पुन्हा तपासावे. आरटी असलेल्या आणि नसलेल्या नळ्यांत दहा-बारा चक्रांचे अंतर असेल, तर परिणाम नगण्य असतो. तीन-चार चक्रांचेच असेल, तर तो आकडा टाकून द्यावा.

१२. औषध दिल्यावर जनुक दुप्पट झाले. औषधाने जनुक चालू केले असे लिहू का?

अजून नाही. आधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, द्रावकाची. एचएल-६० या ल्युकेमियाच्या सेल लाइनच्या पेशी सुमारे १.२५ टक्के डीएमएसओमध्येच ग्रॅन्युलोसाइटसारख्या परिपक्व होऊ लागतात आणि त्यांतील मिक जनुकाची पातळी उतरते. औषध डीएमएसओमध्ये विरघळवले असेल, तर तुलना नुसत्या मीडियाशी न करता तेवढ्याच डीएमएसओशी करावी, आणि ते प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवावे.

दुसरी, कोण उरले याची. ४८ तासांत निम्म्या पेशी मेल्या असतील, तर वाचलेल्या पेशींत ते जनुक आधीपासूनच जास्त असेल. बदल झालेला नसतो, निवड झालेली असते. म्हणून ६ किंवा १२ तासांचा, पेशी अजून जिवंत असतानाचा नमुनाही घ्यावा. प्रती जास्त बनल्या की कमी मोडल्या, हे पाहायचे असल्यास ॲक्टिनोमायसिन-डीने नवे लेखन थांबवून घट मोजता येते.

तिसरी बाब सर्वांत बुचकळ्यात टाकणारी आहे. मिकसारख्या जनुकाची पातळी खूप वाढली की पेशीतील जवळजवळ सर्वच आरएनए वाढू शकतो, हे २०१२ मध्ये स्पष्टपणे दाखवले गेले. आपण दोन्ही बाजूंनी सारखाच, समजा १ मायक्रोग्रॅम, आरएनए घेतला की ती सार्वत्रिक वाढ आपल्याच हाताने पुसली जाते. अशी शंका असेल तेव्हा पेशी मोजून, दर पेशीमागे ठरावीक प्रमाणात कृत्रिम आरएनए मिसळून हिशेब करावा. छेद म्हणून इथे ‘दर मायक्रोग्रॅम’ नको, ‘दर पेशी’ हवा.

१३. सेल लाइनवर केलेले काम रुग्णांना लागू पडते का?

यंत्रणा समजण्यासाठी सेल लाइन उत्तम आहे, प्रमाण ठरवण्यासाठी नाही. एचएल-६० ही तीव्र प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेली, पण त्या रोगाची खूण असलेले पीएमएल-आरएआरए जोडजनुक तिच्यात नाही. ते हवे असेल तर एनबी४ घ्यावी लागते. पेशींची ओळख एसटीआर चाचणीने आणि मायकोप्लाझ्माचा संसर्ग पीसीआरने ठरावीक काळाने तपासावा. फ्लास्कमधील गर्दीही अभिव्यक्ती बदलते, म्हणून दोन्ही गटांची घनता सारखी ठेवावी.

१४. एकाच आरएनएच्या तीन नळ्या लावल्या. तीन नमुने झाले का?

एक झाला. तीन नळ्या पिपेटिंगची अचूकता सांगतात. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या तीन फ्लास्क किंवा तीन रुग्ण हे खरे तीन नमुने. सीक्वेन्सिंगमध्ये आणखी एक पथ्य असते: सुमारे २०,००० जनुके एकाच वेळी ०.०५ या मर्यादेवर तपासली, तर काहीही फरक नसताना निव्वळ योगायोगाने १,००० जनुके ‘महत्त्वाची’ ठरतील. म्हणून बहुचाचणीची दुरुस्ती केलेलेच मूल्य वाचावे. डीईसीक२ किंवा एजआर या विश्लेषणाच्या पॅकेजना कच्ची वाचनसंख्या द्यावी, टीपीएम (जनुकाची लांबी व एकूण वाचने यांनुसार आधीच बदललेले मूल्य) देऊ नये.

१५. अहवालात बीसीआर-एबीएल१ ०.१ टक्के आयएस असे लिहिले आहे. म्हणजे हजारात एक पेशी आजारी आहे का?

नाही, हे पेशींचे प्रमाण नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रेणीत (आयएस) १०० टक्के हा बिंदू इमॅटिनिबच्या एका मोठ्या चाचणीतील उपचार न झालेल्या ३० रुग्णांच्या पातळीवरून ठरवला गेला. ०.१ टक्के म्हणजे त्या समान प्रारंभापासून हजारपट घट, आणि तिला मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. रुग्णाच्या स्वतःच्या पहिल्या आकड्यापासूनची ती घट नसते. ०.०१ टक्क्याला एमआर४ आणि ०.००३२ टक्क्याला एमआर४.५ म्हणतात.

‘आढळले नाही’ असा शेरा असेल तेव्हा छेद नक्की बघावा. एमआर४ म्हणायला नमुन्यात एबीएल१च्या किमान १०,००० प्रती आणि एमआर४.५ म्हणायला किमान ३२,००० प्रती मोजलेल्या हव्यात. केवळ २,००० प्रती मिळालेल्या नमुन्यात काही न सापडणे म्हणजे अंधारात चाचपडून काही हाताला न लागण्यासारखे आहे. ही श्रेणी जोडजनुकाच्या ई१३ए२ आणि ई१४ए२ या प्रकारांपुरतीच आहे. ई१ए२ प्रकारचा आकडा तिच्यावर बसवता येत नाही.

१६. इमॅटिनिबने ते जनुक बंद होते म्हणून आकडा उतरतो का?

इमॅटिनिब जनुकाला हात लावत नाही, त्यापासून बनलेल्या प्रथिनाचे काम अडवते. रुग्णाच्या रक्तात आकडा उतरतो, कारण त्या पेशी मागे पडतात आणि निरोगी पेशी त्यांची जागा घेतात. प्रश्न ३ मधला मिश्रणाचा परिणाम इथे दोष राहत नाही, तोच मोजायचा असतो. फ्लास्कमधल्या के५६२ पेशींना काही तास औषध देऊन हा आकडा उतरण्याची वाट पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते. तिथे प्रथिनाच्या क्रियेचा परिणाम वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनांच्या चाचणीत पाहावा.

१७. जोडजनुक सापडले नाही, पण अभिव्यक्तीचा नकाशा मात्र त्याच रोगाचा दिसतो. चाचणी चुकली का?

चुकली असेलच असे नाही. २००९ मध्ये तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांत असाच एक गट दोन स्वतंत्र अभ्यासांत आढळला: बीसीआर-एबीएल१ नाही, तरी अभिव्यक्ती त्या गटासारखीच. त्याला ‘पीएच-सदृश’ म्हणतात (पीएच म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र, ज्यावर हे जोडजनुक असते). पुढे त्यांच्यात सीआरएलएफ२, जेएके२, एबीएल वर्गातील इतर जनुके यांचे बदल सापडले, आणि त्यांतल्या काहींवर उपलब्ध औषधे परिणाम करू शकतात. अर्थात आधी प्रायमर दुर्मीळ प्रकार पकडतात का, हे तपासून घ्यावे.

१८. आता एकेका पेशीची अभिव्यक्ती मोजता येते, मग बाकीच्या पद्धती जुन्या झाल्या का?

मिश्रणाचा प्रश्न एकपेशीय सीक्वेन्सिंगने खरोखर सुटतो. मूठभर ल्युकेमिया मूलपेशी लाखभर इतर पेशींत हरवत नाहीत. पण प्रत्येक पेशीतल्या आरएनएचा काही भागच पकडला जातो, त्यामुळे कमी अभिव्यक्तीचे जनुक बऱ्याच पेशींत शून्य दिसते. ते शून्य ‘नाही’ असे सांगत नाही, ‘दिसले नाही’ असे सांगते. शिवाय एका रुग्णाच्या ५,००० पेशी म्हणजे ५,००० नमुने नव्हेत (प्रश्न १४).

१९. सार्वजनिक साठ्यातील रुग्ण आणि आमच्या प्रयोगशाळेतील निरोगी नमुने अशी तुलना करता येईल का?

जवळजवळ कधीच नाही. सगळे रुग्ण एका प्रयोगशाळेतले आणि सगळे निरोगी दुसरीतले असतील, तर रोगाचा फरक आणि प्रयोगशाळेचा फरक यांना वेगळे करण्याचा कोणताही गणिती उपाय नाही. दुरुस्तीचे पॅकेज अशा वेळी एक तर दोन्ही ठेवते किंवा दोन्ही पुसते. दोन्ही ठिकाणी दोन्ही गटांचे नमुने असतील, तर मॉडेलमध्ये प्रयोगशाळा हा घटक घालून काम निभावता येते. नसतील, तर आपल्याच प्रयोगशाळेत दोन्ही गटांच्या अस्थिमज्जेच्या काही नमुन्यांची त्याच आठवड्यात, त्याच किटने तयारी करावी. नमुने थोडे असले तरी चालतील.